कॉमन रूमचा टीव्ही : थोडं गणित, थोडी घासाघीस



आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी आई, पाऊस आणि मैत्री या तीन विषयांवर भरपूर साहित्य येतं. ते यावंच. मी मात्र यावेळी टीव्हीवर लिहिणार आहे, आणि तेही टीव्ही पाहण्यावर नाही, टीव्ही विकत घेण्यावर. संपादक मंडळाने विचारलं, "यात मराठी साहित्य कुठे आहे?" मी म्हटलं, दुकानदाराशी भाव करणं हे अस्सल मराठी साहित्य आहे, ऐकून तर पाहा!

आमच्या लेडीज होस्टेलच्या कॉमन रूममधला टीव्ही २०२५ च्या दिवाळीनंतर बंद पडला. दुसरा घेण्यासाठी चार जणींची कमिटी झाली, त्यात मी. मला घेण्याचं कारण एवढंच की माझी ब्रँच इलेक्ट्रॉनिक्स. होस्टेलमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची मुलगी म्हणजे इस्त्रीपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळ्यांची डॉक्टर, असा समज आहे. पैसे आमचेच होते. ९६ मुलींपैकी ८८ जणींनी प्रत्येकी २५० रुपये दिले. आठ जणींना आम्ही मागितलेच नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या पावसानं ज्यांच्या घरचं सोयाबीन पाण्यात गेलं, त्यांच्याकडे टीव्हीची वर्गणी मागायला कोणाची जीभ रेटली नाही. (त्या आठ जणी कोण, हे कमिटीबाहेर कोणाला माहीत नाही आणि होणारही नाही.) तर वर्गणीचे २२,००० आणि गॅदरिंगमधून उरलेले २,०००, असे एकूण २४,००० रुपये हातात होते. अडीचशे रुपये म्हणजे एका मुलीचा जवळजवळ महिन्याचा मोबाईल रिचार्ज. त्यामुळे प्रत्येक रुपयाचा हिशोब द्यावा लागणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. बॉईज होस्टेलचा टीव्हीही आता म्हातारा झालाय असं ऐकते. त्यांना आणि स्टाफपैकी ज्यांना घरी टीव्ही बदलायचा आहे त्यांनाही हे उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

पहिला प्रश्न : बदलायचा की दुरुस्त करायचा? हा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत, सरळ दुकानात जातात. आमचा टीव्ही बंद पडला ती रात्र सगळ्यांच्या लक्षात आहे. ३० ऑक्टोबर २०२५, महिला विश्वचषकाची सेमीफायनल, नवी मुंबईत भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. त्यांचे ३३८ रन झालेले, जेमिमा रॉड्रिग्स खेळतेय, आणि अचानक चित्र गेलं. आवाज मात्र चालू! कोणीतरी म्हणालं टीव्ही जळला. पण आवाज चालू आहे म्हणजे सप्लाय जिवंत आहे, मेन बोर्ड काम करतोय. मी खोलीतले लाईट बंद करायला सांगितले आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनला अगदी चिकटवून तिरका धरला. टॉर्चच्या त्या गोल उजेडात चित्र दिसत होतं! पुसट, पण हलणारं. मग काय, सहा-सात मोबाईल स्क्रीनला लावून आम्ही बॉल शोधत बसलो. जेमिमाने नाबाद १२७ केल्या आणि भारत जिंकला, पण आम्ही ती मॅच पाहिली असं म्हणणं म्हणजे जरा अतिशयोक्तीच होईल.

या टॉर्चच्या चाचणीमागचं कारण समजून घ्या. एलईडी टीव्ही म्हणजे खरं तर एलसीडीच. काचेवरचे लिक्विड क्रिस्टल स्वतः प्रकाश देत नाहीत, मागून येणारा प्रकाश अडवतात किंवा सोडतात. हा मागचा प्रकाश म्हणजे बॅकलाईट, आणि तो एलईडीच्या पट्ट्यांमधून येतो. एका पट्टीतले एलईडी सीरिजमध्ये असतात. त्यातला एक ओपन झाला की सगळी पट्टी अंधारात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखी. अनेक सेटमध्ये एक पट्टी गेली की ड्रायव्हर बाकीच्याही बंद करतो. म्हणजे आवाज आहे, टॉर्चखाली चित्र दिसतं, तर पॅनेल शाबूत आहे आणि फक्त पट्ट्या बदलायच्या आहेत. हे काम पॅनेलच्या मानाने फारच स्वस्त. उलट काचेला तडा गेला असेल किंवा स्क्रीनवर उभ्या रंगीत रेषा आल्या असतील तर पॅनेल गेलं समजा. आणि पॅनेलची किंमत जवळपास नवीन टीव्हीएवढी. म्हणून टीव्ही बंद पडल्यावर दुकानात जाण्याआधी एक टॉर्च आणि पाच मिनिटं खर्च करा.

आमच्या बाबतीत गोष्ट तिथेच संपली नाही. आर्वी नाक्याकडून एक दुरुस्ती करणारे काका आले. त्यांनी मागचं झाकण उघडलं तेव्हा आत एक वाळलेली पाल निघाली आणि अर्ध्या मुली खोलीबाहेर! ती बोर्डवर शॉर्ट होऊन मेली होती. एचडीएमआयचे दोन्ही पोर्ट तर वर्षभर आधीच बंद पडले होते. काका म्हणाले, "पट्ट्या बदलून देतो ताई, पण बोर्डाचं मी काही सांगू शकत नाही. आज चालंल, उद्या बसंल." पट्ट्या आणि बोर्ड मिळून साडेसहा हजार, आणि बोर्डाची गॅरंटी नाही. सेट दहा वर्षांचा. आमचा ठोकताळा असा ठरला की दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या पाव भागापेक्षा जास्त आणि सेटचं वय आठच्या पुढे, तर दुरुस्ती नको. हा काही पुस्तकातला नियम नाही, पण वापरून पाहा. फक्त पट्ट्यांचा प्रश्न असता तर मी नवीन टीव्हीच्या विरोधातच मत दिलं असतं.

आता साईज. इथे सगळ्यात जास्त भांडण झालं. कोणी म्हणे ३२ पुरे, कोणी म्हणे ५५ च पाहिजे. ३२ वाल्यांचं म्हणणं, "आधी स्टोअररूममध्ये २९ इंची डबा होता, तो पुरत होता ना? मग हा तर मोठाच आहे." दिसायला बरोबर, पण गणित वेगळं सांगतं. टीव्हीचे इंच कर्णावर मोजतात. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही ४:३ आकाराचा, म्हणजे पायथागोरसचा ३-४-५ त्रिकोण. २९ इंच कर्णाला उंची साडेसतरा इंचाच्या आसपास. आताचे टीव्ही १६:९. यात उंची कर्णाच्या ४९ टक्के, म्हणून ३२ इंची टीव्हीची उंची पावणेसोळा इंचच भरते. म्हणजे २९ च्या डब्यापेक्षा ३२ चा नवा टीव्ही उंचीला लहान! (ट्यूबची थोडी काच चौकटीत लपायची हे खरं, तरी फरक राहतोच.) नववीत शिकलेला पायथागोरस पुन्हा कधी भेटेल असं वाटलं नव्हतं.

मग मी मागच्या रांगेपासून उलटा हिशोब केला. कॉमन रूम लांब आहे, शेवटची खुर्ची स्क्रीनपासून २० फुटांवर, म्हणजे साधारण ६ मीटर. सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये डोळे तपासायला गेलात तर समोर अक्षरांचा तक्ता असतो. त्यावर ६/६ नजरेच्या माणसाला ६ मीटरवरून जेमतेम वाचता येणारं अक्षर ८.७ मिलिमीटर उंच असतं, कारण ते डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करतं (६० मिनिटं म्हणजे १ अंश). जेमतेम वाचणं वेगळं आणि आरामात वाचणं वेगळं. आरामासाठी मी दुप्पट धरलं, म्हणजे साडेसतरा मिलिमीटर. घरच्या टीव्हीवर पट्टी लावून मोजलं तर क्रिकेटच्या स्कोअरचे आकडे पडद्याच्या उंचीच्या सुमारे ३ टक्के भरले. आता बघा : ३२ इंचीवर हे आकडे १२ मिलिमीटर, ४३ वर १६, ५० वर पावणेएकोणीस, ५५ वर साडेवीस. म्हणजे शेवटच्या रांगेला आरामात स्कोअर दिसायचा तर ५० इंची हवा. पण ५० इंची २४,००० मध्ये बसवायचा तर कुठेतरी तडजोड करावी लागत होती. मग लक्षात आलं की खुर्च्या दोन फूट पुढे घेतल्या तर शेवटची रांग १८ फुटांवर येते आणि लागणारी उंची १६ मिलिमीटर होते. बरोब्बर ४३ इंची! खुर्च्या पुढे सरकवायला पैसे लागत नाहीत. ४३ वर शिक्कामोर्तब झालं. ५५ वाल्या अजूनही नाराज आहेत, असो.

याच गणितानं फोर-के की फुल एचडी हा वादही मिटवला. ४३ इंची पडद्याची उंची ५३५ मिलिमीटर, त्यात फुल एचडीच्या १०८० ओळी, म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. निरोगी डोळा साधारण १ मिनिटाच्या कोनाएवढे दोन ठिपके वेगळे ओळखतो. अर्धा मिलिमीटर तेवढा कोन करतो १.७ मीटरवर, म्हणजे साडेपाच फुटांवर. त्याहून दूर बसलेल्या माणसाला फुल एचडीचे पिक्सेलच वेगळे दिसत नाहीत, मग फोर-केचे त्याहून निम्मे पिक्सेल काय दिसणार! आमची पहिली रांगच सात फुटांवर आहे. शिवाय केबल आणि डीटीएचवर येणारे चॅनेल फार तर एचडी असतात. तर फोर-केसाठी तीन-चार हजार जास्त मोजणं म्हणजे होस्टेलच्या मेसमध्ये केशर टाकण्यासारखं. घरी छोट्या खोलीत जवळ बसून पाहणाऱ्यांचं वेगळं, त्यांनी हे गणित आपल्या खोलीला लावून पाहावं. दुकानात मात्र एक अडचण येईल. ४३ इंचीत फुल एचडीचे मॉडेल आता कमी झालेत, आणि दुकानदार फोर-केच पुढे करतो. चिकाटीने मागा, मिळतं.

त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट जी कोणीच पाहत नाही ती म्हणजे बाजूने चित्र कसं दिसतं. घरी दोन-चार माणसं समोर बसतात. कॉमन रूममध्ये अर्धी मंडळी कडेला, दारात, खिडकीच्या कट्ट्यावर. पॅनेलचे मुख्य दोन प्रकार आहेत. व्हीए प्रकारात काळा रंग जास्त गडद येतो पण बाजूला गेलं की रंग उडतात. आयपीएसमध्ये काळा रंग थोडा राखाडी, पण कडेला बसलेल्यालाही चित्र बरं दिसतं. बॉक्सवर हे लिहिलेलं नसतं. म्हणून दुकानात टीव्हीसमोर उभं न राहता बाजूला जा, भिंतीच्या कडेला, आणि माणसांचे चेहरे पाहा. चेहरे पांढुरके पडले तर तो टीव्ही कॉमन रूमचा नाही. अजून एक : दुकानात जो मोर-पोपट-फुलांचा व्हिडिओ चालू असतो तो बंद करायला सांगा. तो टीव्ही विकण्यासाठीच बनवलेला असतो आणि सेटही भडक मोडवर ठेवलेला असतो. त्याऐवजी मराठी न्यूज चॅनेल लावायला सांगा. खालची पळती पट्टी वाचता येते का आणि अँकरचा चेहरा माणसासारखा दिसतो का, एवढं पाहिलं की पुरे. रिफ्रेश रेट, अमुक इंजिन, तमुक प्रोसेसर यावर सेल्समन दहा मिनिटं बोलेल, बोलू द्या.

आता भाव. आधी टॅक्सचं सांगते, कारण यात खूप जणांचा गोंधळ आहे. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर जानेवारी २०१९ पासून १८ टक्के जीएसटी होता, त्याहून मोठ्यावर २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरही १८ टक्के झाला. लगेच सगळे म्हणायला लागले, दहा टक्के स्वस्त! तसं होत नाही. टॅक्स मूळ किमतीवर लागतो. मूळ १०० चा टीव्ही आधी १२८ ला पडायचा, आता ११८ ला. १२८ वर १० रुपये कमी म्हणजे ७.८ टक्के. कोणी दुकानदार "जीएसटीचे दहा टक्के कमी केले" म्हणाला तर खूश व्हा, त्याने २.२ टक्के पदरचे दिलेत. आणि जर कमी केलेच नसतील तर खोक्यावरची एमआरपी आणि बनवल्याचा महिना पाहा. टीव्हीच्या खोक्यावर एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि ग्राहकांसाठी संपर्काचा पत्ता छापणं वैधमापन कायद्याने बंधनकारक आहे. एमआरपीपेक्षा जास्त घेणं गुन्हा, पण एमआरपीवरून किती सूट दिली यावर भाळू नका. आम्ही पाहिलेल्या टीव्हीची एमआरपी ३४,९९० होती आणि त्या भावाने तो कोणी कधी विकत घेत नाही. "४० टक्के सूट" हे वाक्य एमआरपीच्या जिवावर उभं असतं.

खोक्यावरचा महिना पाहण्याची सवय एका ठिकाणी उपयोगी पडली. एका दुकानात (नाव लिहीत नाही) सगळ्यात कमी भाव सांगितला. खोका पाहिला तर चौदा महिन्यांपूर्वीचा, टेप दुसऱ्यांदा लावलेली, आणि रिमोटच्या पिशवीवर बोटांचे डाग. विचारलं तर म्हणाले, "डिस्प्लेला लावला होता थोडे दिवस." दुकानात टीव्ही थोडे दिवस म्हणजे रोज दहा-बारा तास, तोही पूर्ण ब्राईटनेसवर. बॅकलाईटचं आयुष्य तासांत मोजतात. तो टीव्ही नवा नव्हता, अर्धा वापरलेला होता. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

कॉलेजच्या पद्धतीप्रमाणे तीन कोटेशन घेतले. परीक्षा संपवून जानेवारीत, २६ जानेवारीच्या सेलच्या आसपास गेलो, कारण दिवाळी होऊन गेली होती आणि पुढचा खरा सेल तोच. एक ऑनलाईन : १८,४९९, भिंतीचा स्टँड वेगळा ७०० चा. दुसरं नागपूर, सीताबर्डी : १८,९०० आणि तिथून आणण्याचे बाराशे. तिसरं वर्ध्यातच, बजाज चौकाजवळ : सांगितले २१,९९०. पहिल्या नजरेत वर्धा महाग. पण कोटेशनमधला आकडा म्हणजे किंमत नव्हे. टीव्ही आमच्या भिंतीवर लागून चालू होईपर्यंतचा आणि बिघडला तर परत चालू होईपर्यंतचा खर्च म्हणजे किंमत. ऑनलाईनचा स्टँडसकट १९,१९९ झाला. नागपूरचा २०,१०० झाला, शिवाय काचेला तडा निघाला तर पुन्हा पंचाहत्तर किलोमीटर. मग रेक्टर मॅडम, मी आणि आमची एक मैत्रीण वर्ध्याच्या दुकानात बसलो. मॅडमचं माहेर हिंगणघाटचं. त्यांनी ऑनलाईनचा कागद पुढे ठेवला आणि फक्त म्हणाल्या, "भाऊ, पोरींचे पैसे आहेत." दुकानदार काका म्हणाले, "मॅडम, यात मले काही उरत नाही जी." मॅडम म्हणाल्या, "उरू नका देऊ ना मग, होस्टेल आहे." चहा आला, पाव तास मेसच्या भाजीवर गप्पा झाल्या, मध्येच आकडा शंभर-दोनशेने खाली येत होता. शेवटी १९,६००, स्टँड, फिटिंग आणि पोहोच त्यातच. ऑनलाईनपेक्षा ४०१ रुपये जास्त. ते ४०१ रुपये आम्ही मुद्दाम दिले, कशासाठी ते पुढे सांगते. (जुन्या २८ टक्क्यांच्या दराने हाच टीव्ही २१,२६० च्या घरात गेला असता, तेव्हा टॅक्स कपातीचे सोळाशे रुपये आमच्या कामी आले.)

ब्रँडबद्दल थोडं. नाव मोठं म्हणजे कंपनी तीच असं नाही. थॉमसन हे नाव फ्रान्सचं, पण २०१८ मध्ये ते टीव्ही भारतात परत आले तेव्हा सुपर प्लास्ट्रॉनिक्स या नोएडाच्या कंपनीने परवाना घेऊन बनवले. कोडॅक नावाचे टीव्हीही तिनेच बनवले. यात गैर काही नाही, फक्त सर्व्हिस कोण देणार हे नावावरून कळत नाही, विचारावं लागतं. आणि आपल्या महाराष्ट्राचा व्हिडिओकॉन आठवा. औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना, एके काळी घराघरात त्यांचा टीव्ही, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी शंभर वर्षं टिकेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही, पण आज वर्ध्यात त्या ब्रँडचा माणूस येतो का, हे शेजारच्या दोन घरी विचारून कळतं. आम्ही विचारलं.

हमी शब्द आला म्हणून सांगते. मी कॉन्व्हेंटची. माझ्यासाठी वॉरंटी म्हणजे वॉरंटी, 'हमी' हा शब्द फक्त कापसाच्या हमीभावात ऐकलेला. पण वॉरंटी कार्डाचा मराठी भाग वाचला तेव्हा इंग्रजीत डोळ्याखालून निसटणारी ओळ टोचली : हमी केवळ घरगुती वापरासाठी. म्हणजे होस्टेलमध्ये लावलेला टीव्ही सहा महिन्यांत बंद पडला आणि कंपनीचा माणूस म्हणाला "हा व्यावसायिक वापर आहे", तर? आमचे १९,६०० या एका ओळीवर लटकले होते. तुमच्या होस्टेलचं, मेसचं, वसतिगृहाचं बिल करताना ही ओळ आधी शोधा.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. एक, कायद्याच्या दृष्टीने होस्टेल 'ग्राहक' आहे का? ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूने खरेदी करणारा ग्राहक धरत नाहीत. यावर आपल्याच राज्यातलं एक प्रकरण आहे. मुंबईच्या लीलावती हॉस्पिटलच्या ट्रस्टने नर्सेसच्या राहण्यासाठी फ्लॅट घेतले होते. इमारत काही वर्षांतच मोडकळीला आली आणि ट्रस्ट ग्राहक आयोगात गेला. राष्ट्रीय आयोगाने म्हटलं, तुम्ही ग्राहकच नाही. पण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय फिरवला. नर्सेसना राहायला जागा देणं याचा नफा कमावण्याशी सरळ संबंध नाही, म्हणून ट्रस्ट ग्राहक ठरतो, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे खरेदी कोणी केली यापेक्षा ती कशासाठी केली हे पाहायचं. मुलींनी वर्गणी काढून बातम्या आणि मॅच पाहायला घेतलेला टीव्ही कोणत्याही अर्थाने धंदा नाही, असं मला तरी वाटतं. पण दुसरी गोष्ट उरतेच : कार्डावरची अट हा कंपनीशी झालेला करार आहे, आणि आयोगात जिंकायची वेळ येण्यापेक्षा तो वादच न होणं बरं. म्हणून आम्ही दुकानदार काकांना सांगितलं, विद्यार्थिनींच्या वसतिगृहाच्या कॉमन रूमला हमी लागू आहे हे लेखी आणून द्या. त्यांनी वितरकामार्फत कंपनीचा ई-मेल मागवला, त्याची प्रिंट काढून बिलाला लावली, आणि बिलावर वसतिगृहाचं नाव, मॉडेल व सीरियल नंबर घातला. ऑनलाईनवाल्यांकडे हे सांगायला माणूसच नव्हता. ४०१ रुपये या कागदाचे.

तरी वाद झालाच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. तिथे नाही मिटलं तर वर्ध्यातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार करणारा जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. अट एकच, पक्कं बिल. "बिल नको असेल तर आणखी पाचशे कमी" हे वाक्य ऐकू आलं की उठून उभं राहा.

दुकानात शेवटची ऑफर असते वाढीव वॉरंटीची. आम्हाला २,२९९ मध्ये आणखी दोन वर्षं देत होते. हिशोब केला : टीव्ही १९,६००, एचडी सेट-टॉप बॉक्स बदलून घेणं आणि एचडीएमआय केबल १,१५०, सर्ज प्रोटेक्टर ८५०. एकूण २१,६००, उरले २,४००. पहिल्या वर्षी कंपनीची हमी आहेच. पुढे जास्त शक्यता कशाची, तर पट्ट्यांची, आणि त्याचा खर्च साधारण एवढाच. मग ते पैसे आधीच दुसऱ्याला का द्या? २,४०० होस्टेलच्या खात्यात 'टीव्ही फंड' म्हणून ठेवले. टीव्ही बिघडला नाही तर पैसे आमचेच. (सेट-टॉप बॉक्स मात्र नक्की बदला. जुना बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी जोडला तर ५७६ ओळींचं चित्र ४३ इंचावर ताणलं जातं आणि सगळे म्हणतात टीव्ही खराब निघाला.)

टीव्ही कुठे लावायचा यालाही वर्ध्यात महत्त्व आहे, कारण आपला मे महिना! ४५ अंश आपल्याला नवे नाहीत, पण टीव्हीच्या पुस्तिकेत वापराचं तापमान सहसा ४० अंशांपर्यंतच दिलेलं असतं. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं, हे आपल्या सिलॅबसमध्येही आहे. जुना टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर होता, दुपारनंतर ती भिंत तव्यासारखी तापायची. नवा उत्तरेच्या भिंतीवर लावला, मागे हवेला जागा सोडून, आणि वायरींच्या भोकांना जाळी लावून (पाल!). बॅकलाईट १०० वरून ६० वर आणला. कोणाला फरक कळला नाही, पण एलईडीला कळतो. विजेचं बिल मी पाहिलं : ७५ वॉट, रोज पाच तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे ११२ युनिट. स्टारच्या लेबलवर वर्षाचा वापर छापलेला असतो, पण या साईजला दोन मॉडेलमधला फरक एवढा नाही की त्यासाठी भांडावं.

विजा मात्र गंभीर प्रकरण आहे. रोहिणी-मृगात आपल्याकडे जो कडकडाट होतो त्यात टीव्ही जातात ते फक्त लाईटच्या वायरीतून नाही, डिशच्या किंवा केबलच्या वायरीतूनही. सर्ज प्रोटेक्टर लाईटच्या बाजूचा धक्का बराच झेलतो, तोही सॉकेटला अर्थिंग असेल तरच. आमच्या सॉकेटला ते नव्हतं; इलेक्ट्रिशियन भाऊंकडून आधी ते करून घेतलं. जवळ वीज पडली तर काहीच पुरत नाही. आभाळ गडगडू लागलं की प्लग आणि केबल दोन्ही काढायचं, हा नियम टीव्हीखाली चिकटवला आहे आणि ती जबाबदारी आळीपाळीने त्या मजल्यावरच्या खोल्यांची आहे. स्टॅबिलायझर लागत नाही. आताच्या टीव्हीचा सप्लाय बहुधा १०० ते २४० व्होल्ट चालवून घेतो, मागच्या स्टिकरवर पाहून घ्या.

राहिला जुना टीव्ही आणि स्टोअररूममधला तो २९ इंची डबा. भंगारवाले भाऊ दोन्हीचे मिळून पाचशे देत होते. डबा मात्र त्यांना देऊ नका. पिक्चर ट्यूबच्या मागच्या काचेत शिसं असतं, आणि भंगारात तांब्यासाठी ट्यूब फोडतात. फोडणारा बहुतेक वेळा आपल्यापेक्षा लहान मुलगा असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत टीव्ही येतात, आणि ते नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवेत. डबा सध्या आमच्या स्टोअररूममध्ये आहे आणि कॉलेजच्या लॅबमधले जुने मॉनिटर निघतील तेव्हा त्यांच्याबरोबर एकाच गाडीत जाईल, असं ऑफिसने लिहून दिलं आहे. एलईडी टीव्ही मी मागून घेतला. त्याच्या चालू राहिलेल्या पट्ट्या काढून १२ व्होल्टच्या बूस्ट सर्किटवर स्टडी रूमसाठी दिवा बनवतो आहोत. ज्युनिअर मुलींपैकी कोणाला सोल्डरिंग शिकायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी खोली नंबर १४ मध्ये या.

बिल, ई-मेलची प्रिंट, वॉरंटी कार्ड आणि खर्चाचा कागद रेक्टर मॅडमच्या कपाटात निळ्या फाईलमध्ये आहे. पुढच्या वर्षी जी कमिटी येईल तिने जानेवारी २०२७ च्या आधी, म्हणजे कंपनीची हमी संपण्याआधी, एकदा सगळे पोर्ट लावून तपासून पाहावेत.